सागरजलांतील तांबें आणि विजेची कसोटी

तांब्या-पितळेच्या भांड्यास कल्हई नसली आणि त्यांत सोलकढी किंवा ताक कांहीं वेळ राहिलें, तर तें कळकतें, ही गोष्ट महाराष्ट्रांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कळकलेल्या पदार्थास हिरवट छटा येते, चव बिघडते, आणि तो पोटांत गेल्यास मळमळ व वांती सुरू होते. रसायनशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर भांड्यांतील तांब्याचे कण अन्नांतील आंबट द्रव्यांशीं जोडले जातात व त्यांच्याबरोबर अन्नांत उतरतात. चिंच किंवा आमसूल लावून तांब्याचें भांडें घासलें असतां तें लख्ख होतें, त्याचेंहि कारण हेंच. काळवंडलेला थर त्या आंबट द्रव्यांच्या संगतीनें सुटतो व पाण्याबरोबर वाहून जातो. भांड्याला उपकारक तीच क्रिया अन्नाला अपकारक ठरते. मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यांत ह्याच तऱ्हेची क्रिया फार मोठ्या प्रमाणावर अहोरात्र चाललेली असते, आणि तिचा हिशेब कसा घ्यावा हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नसून कोळ्यांच्या व दर्यावर्दी गाबितांच्या चरितार्थाशीं निगडित आहे.

लोखंड, तांबें, मँगनीज, क्रोमियम, निकेल इत्यादि धातूंना रसायनशास्त्रज्ञ संक्रमणी धातु म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यास हे धातु परके नाहींत. रेडीच्या खाणींतून लोहखनिज निघालें, कणकवली तालुक्यांत क्रोमियमचें खनिज आढळलें, आणि ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनीं तेथील घरें उभी राहिलीं त्याचा तांबडा रंग लोहाचाच आहे. ह्या धातूंच्या अंगीं दोन विशेष आहेत. पहिला असा कीं, त्यांतील बहुतेकांचा परमाणु प्रसंगानुसार कमी किंवा अधिक इलेक्ट्रॉन देऊं शकतो. तांबें कधीं एक देतें, कधीं दोन; लोखंड कधीं दोन, कधीं तीन. दुसरा विशेष असा कीं, असा परमाणु आपल्याभोंवतीं इतर रेणूंचें कोंडाळें जमवितो. मध्यें धातु व सभोंवतीं त्यास धरून राहिलेले रेणु, अशा रचनेस संकुल असें नांव आहे. मोरचुदाच्या फिक्या निळ्या पाण्यांत अमोनिया पुरेसा घातला कीं गर्द निळा रंग उमटतो. तांबें तेंच असतें, पण त्याच्या भोंवतालची मंडळी बदलते. मंडळी बदलली कीं रंग बदलतो, विरघळण्याचा गुण बदलतो, आणि सजीवांवर होणारा परिणामहि बदलतो.

ह्याचें एक सुंदर उदाहरण मालवणच्या बाजारांत रोज विकावयास येतें. कुर्ली, कोळंबी, शेवंड आणि माकूल ह्यांच्या अंगांत तांबडें रक्त नसतें. मनुष्याच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम लोहाचें एक संकुल करितें. ह्या जीवांत तें काम तांब्याकडे आहे. त्यांच्या रक्तांतील हीमोसायनिन नांवाच्या प्रथिनांत तांब्याचे दोन परमाणु मिळून प्राणवायूचा एक रेणु धरतात. प्राणवायु नसतांना हें रक्त जवळजवळ रंगहीन असतें; प्राणवायु मिळतांच त्यावर निळी झांक चढते. प्राणवायु धरतांना तांबें एक पायरी चढतें व सोडतांना पुन्हा उतरतें, एवढाच हा इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीचा व्यवहार; पण त्यावर कुर्लीचे प्राण अवलंबून असतात.

असें हें जीवनदायी तांबें सुटें व थोडेंसें अधिक झालें कीं विष बनतें. कालवें, शिंपले इत्यादिकांची अंड्यांतून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लें आणि पाण्यांत तरंगणारीं सूक्ष्म शैवालें ह्यांना तें विशेष बाधतें. जागतिक आरोग्य संघटनेनें मनुष्याच्या पिण्याच्या पाण्यांत एका लिटरास २ मिलिग्रॅमपर्यंत तांबें चालेल असें मार्गदर्शन केलें आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें खाऱ्या पाण्यांतील जीवांसाठीं विरघळलेल्या तांब्याची जी अल्पकालीन मर्यादा सुचविली, ती एका लिटरास ४.८ मायक्रोग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम; अर्थात् ह्या दोन आंकड्यांत चारशें पटींहून अधिक अंतर पडतें. जें पाणी माणसाच्या मुलाला अपाय करणार नाहीं, तें कालवाच्या पिल्लाला घातक होऊं शकतें.

समुद्रांत हें तांबें येतें कोठून? कांहीं नद्यांनीं आणलेल्या मातींतून येतें, कांहीं शहरांच्या सांडपाण्यांतून येतें. परंतु बंदरांत त्याचा एक मोठा झरा म्हणजे खुद्द नौकांचीं बुडें होत. पाण्यांत उभ्या असलेल्या नौकेच्या बुडाला शेवाळ, शिंपले व कवचधारी किडे चिकटतात. तिचा वेग मंदावतो व इंधन अधिक जळतें. लांकडी नौकेला तर पोखरणाऱ्या किड्याचें भय निराळेंच. जुन्या काळीं कोंकणांत नौकांना माशाचें तेल, राळ इत्यादींचे लेप देत. युरोपांतील आरमारांनीं अठराव्या शतकांत मोठ्या जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकण्याची पद्धति काढली. पत्रे उपयोगी पडले, परंतु समुद्राच्या पाण्यानें ते झिजूं लागले, म्हणून ब्रिटिश नौदलानें सर हंफ्री डेव्ही ह्यांच्याकडे धांव घेतली.

डेव्ही ह्यांनीं १८२४ सालीं दाखवून दिलें कीं तांब्याच्या पत्र्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर समुद्राच्या पाण्यांत एक प्रकारची विद्युत्-घटमाला तयार होते. जस्त किंवा लोखंड स्वतः झिजतें आणि तांबें सुरक्षित राहतें. ज्या जहाजांवर ह्याची परीक्षा झाली, त्यांत कोचीन येथें बांधलेलें ‘समरांग’ हेंहि एक होतें. तांबें झिजावयाचें थांबलें. पण लवकरच बुडांवर शिंपले व शेवाळ ह्यांची दाटी झाली आणि जहाजें रखडूं लागलीं. पत्र्याची झीज हीच त्याची शक्ति होती, हें तेव्हां कळून आलें. पाण्यांत झिरपणारें तांबेंच त्या जीवांना दूर ठेवीत होतें. नौदलास तो उपाय सोडून द्यावा लागला. डेव्ही ह्यांचें तत्त्व मात्र टिकून राहिलें. आजहि पोलादी भागांचें रक्षण व्हावें म्हणून यांत्रिक नौकांच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसविण्यांत येतात.

पत्र्यांच्या जागीं पुढें रंग आले. तांब्याचें तांबडें ऑक्साइड मिसळलेला रंग बुडाला दिला कीं त्यांतून तांबें हळूहळू पाण्यांत सुटत राहतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कथलाचें एक सेंद्रिय संयुग त्याहूनहि प्रभावी म्हणून प्रचारांत आलें. परंतु फ्रान्समधील आर्काशों उपसागरांत त्यामुळें कालवांची पैदास खालावली, आणि १९८२ सालीं फ्रान्सनें लहान नौकांवरील त्याच्या वापरास आळा घातला. २००८ सालीं आंतरराष्ट्रीय करार अमलांत येऊन तें संयुग जगभर निषिद्ध झालें. त्यानंतर रंगांचा मुख्य भार पुन्हा तांब्यावरच येऊन पडला.

मालवणास ह्या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. तेथें सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत १९८७ सालीं २९.१२ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य जाहीर झालें. त्याच्या खडकांवर प्रवाळ आहेत, कालवें आहेत. जवळच कोळंबच्या, कालावलच्या व कर्लीच्या खाड्या आहेत, आणि खाडी म्हणजे मासळीच्या पिल्लांचें पाळणाघर. त्याच पाण्यांत मासेमारीच्या यांत्रिक नौका उभ्या राहतात व प्रवाशांना किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या येजा करितात. बुड स्वच्छ राहिलें नाहीं तर मासेमाराचा डिझेलचा खर्च वाढतो. बुडाच्या रंगानें पाणी विषारी झालें तर पुढच्या वर्षींची मासळी घटते. दोन्हीकडे नुकसान त्याचेंच. अशा वेळीं पाण्यांतील तांबें अपायकारक पायरीवर आहे कीं नाहीं, हें अंदाजानें ठरवितां येत नाहीं; तें मोजावें लागतें.

आतां मोजमापाची खरी अडचण पुढें येते. पाण्यांत एकंदर तांबें किती आहे, एवढें सांगून भागत नाहीं. १९७६ सालीं सुंडा व गिलार्ड ह्या शास्त्रज्ञांनीं शैवालांवर प्रयोग करून दाखविलें कीं विषारीपणा एकंदर तांब्याच्या प्रमाणांत वाढत नाहीं. तो सुट्या तांब्याच्या प्रमाणांत वाढतो. पाण्यांत सेंद्रिय द्रव्यें असलीं तर तीं तांब्याला संकुलांत बांधून ठेवतात आणि तें बांधलेलें तांबें शैवालाच्या पेशींत सहज शिरूं शकत नाहीं. खाडीच्या कांठची कांदळाचीं पानें कुजतात, त्यांचा अर्क पाण्यांत उतरतो व पाण्याला चहासारखा रंग येतो. त्या अर्कांतील द्रव्यें तांब्याला असेंच कवटाळतात. म्हणून दोन ठिकाणीं तांबें सारखेंच असूनहि एक ठिकाण निर्धोक व दुसरें घातक असूं शकतें. नेहमींच्या पृथक्करणांत पाण्यांत तीव्र अम्ल घालतात, त्यानें संकुलें मोडतात, आणि बद्ध व मुक्त एकच होऊन जातात. धान्याची रास मोजली, पण कुलुपांत किती व उघड्यावर किती हें कळलें नाहीं, असा तो प्रकार.

हा भेद दाखविण्याचें सामर्थ्य विजेच्या पद्धतींत आहे. त्यांचा पाया प्राग येथील यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की ह्यांनीं १९२२ सालीं घातला. बारीक कांचनळींतून थेंबथेंब गळणारा पारा हें त्यांनीं विद्युदग्र केलें, परीक्ष्य द्रवांत त्यावरील विजेचा दाब हळूहळू वाढविला, आणि प्रत्येक दाबास किती प्रवाह वाहतो तें टिपलें. १९२५ सालीं मासुझो शिकाता ह्या जपानी सहकाऱ्याच्या साहाय्यानें त्यांनीं हा आलेख आपोआप काढणारें यंत्र सिद्ध केलें. ह्या कार्याबद्दल त्यांना १९५९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या पद्धतीचें मर्म बंदरावरील मासळीच्या लिलावाच्या दृष्टान्तानें समजेल. लिलावांत बोली चढत जाते आणि प्रत्येक माल आपापल्या भावाला सुटतो. कोणत्या भावाला सुटला ह्यावरून माल ओळखतां येतो, व किती टोपल्या उचलल्या गेल्या ह्यावरून त्याचें परिमाण कळतें. येथें बोली म्हणजे विजेचा दाब. प्रत्येक धातु आपल्या ठराविक दाबाला अग्रावरील इलेक्ट्रॉन स्वीकारतो. दाबावरून धातूची जात कळते, प्रवाहावरून त्याचें प्रमाण कळतें. तोच धातु संकुलांत बद्ध असला तर तो अधिक बोली मागतो, कारण आधीं त्याला भोंवतालच्या मंडळींतून सोडवावें लागतें. हा दाब किती सरकला, ह्यावरून ती बंधनें किती बळकट आहेत ह्याचें गणित मांडतां येतें. एखादा धातु किती घट्ट धरला गेला आहे, हें संकुलास फारसा धक्का न लावतां जाणण्याची ही युक्ति होय.

समुद्रांतील तांबें इतकें विरळ असतें कीं त्यासाठीं ह्या पद्धतींत आणखी एक सुधारणा करावी लागली. प्रथम पाऱ्याच्या थेंबावर ऋण दाब देऊन तो कांहीं मिनिटें तसाच ठेवतात. जें तांबें मुक्त आहे, किंवा ज्याचीं बंधनें सैल आहेत, तें ह्या अवधींत पाऱ्यांत येऊन सांठतें. घट्ट बांधलेलें पाण्यांतच राहतें. नंतर दाब उलट दिशेनें नेतात. सांठलेलें तांबें एका ठराविक क्षणीं पुन्हा पाण्यांत सुटतें आणि त्या वेळीं प्रवाहाचा एक उंच शेंडा आलेखावर उमटतो. शेंड्याची उंची म्हणजे सुट्या व सैल तांब्याचें माप. थेंबाथेंबानें सांठवून शेवटीं एकदम मोजावयाचें, हें ह्या युक्तीचें रहस्य आहे.

ह्यापुढील प्रयोग सर्वांत बोलका आहे. त्याच पाण्याच्या नमुन्यांत मोजूनमापून थोडथोडें तांबें घालीत जातात व प्रत्येक वेळीं शेंडा पाहतात. आरंभीं तांबें घातलें तरी शेंडा फारसा वाढत नाहीं, कारण पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यें त्यास बांधून टाकतात. कांहीं वेळानें तीं द्रव्यें संपतात. त्यानंतर घातलेला प्रत्येक कण मुक्त राहतो आणि शेंडा सरळ रेषेंत चढूं लागतो. आलेखास जेथें वळण पडतें, तेथें त्या पाण्याची सहनशक्ति संपली असें समजावें. वळण किती तांब्यानंतर आलें ह्यावरून बांधणाऱ्या द्रव्यांचें प्रमाण कळतें. वळणाच्या आकारावरून त्यांची पकड कळते. १९८८ सालीं कोल व ब्रूलँड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ह्या रीतीनें ईशान्य पॅसिफिक महासागराचें पाणी तपासलें, तेव्हां २०० मीटर खोलीपर्यंतच्या थरांत विरघळलेल्या तांब्यापैकीं ९९.७ टक्क्यांहून अधिक तांबें सेंद्रिय संकुलांत बद्ध आढळलें. समुद्रांतील जीवसृष्टि उरलेल्या अत्यल्प अंशांत जगत असते.

ह्यावरून मालवणच्या खाड्यांविषयीं दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी कीं, खाडीला निसर्गानें एक संरक्षक ढाल दिलेली आहे, आणि कांदळवन तोडल्यानें किनारा उघडा पडतो एवढेंच नव्हे तर ती ढालहि पातळ होते. दुसरी अशी कीं, ही ढाल अमर्याद नाहीं. वर्षानुवर्षें तांबें वाढत गेलें तरी कांहीं विपरीत दिसणार नाहीं, आणि वळण ओलांडल्यावर थोड्याशा वाढीनेंहि सुटें तांबें भराभर वाढूं लागेल. आजवर कांहीं झालें नाहीं, हा उद्यां कांहीं होणार नाहीं ह्याचा पुरावा ठरत नाहीं.

ऋतुमानाचाहि येथें विचार करावा लागतो. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै ह्या काळांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांचीं बुडें खरवडलीं जातात, नवा रंग चढतो, आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा होण्याच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यांत उतरतात. नव्या रंगांतून तांबें आरंभींच्या दिवसांत सर्वांत अधिक सुटतें. म्हणून उन्हाळ्यांतील एका दिवसाचा नमुना घेऊन वर्षाचा निर्णय देणें योग्य होणार नाहीं. नौका उतरण्याच्या आधीं व नंतर, भरतीस व ओहोटीस, खाडीच्या मुखाशीं व आंत, असे नमुने क्रमानें घेतले पाहिजेत. शिवाय खरवडलेला जुना रंग वाळूंत तसाच पडूं दिला तर पहिल्या उधाणासरशीं तो पाण्यांत जातो. खरवडतांना खालीं ताडपत्री अंथरून तो गोळा करणें व दूर नेऊन टाकणें, हा उपाय कोणत्याहि प्रयोगशाळेची वाट न पाहतां आजच करतां येण्यासारखा आहे.

असा प्रसंग अन्यत्र आलेला आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन दिएगो उपसागरांत शेल्टर आयलंड येथें क्रीडानौकांचें एक बंदिस्त बंदर आहे. तेथील पाण्यांत येणारें बहुतेक सर्व तांबें नौकांच्या रंगांतून येतें असें चौकशींत दिसून आलें, आणि २००५ सालीं तेथील जलनियंत्रण मंडळानें तें टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचा आराखडा मंजूर केला. मालवणचें पाणी तितकें बंदिस्त नाहीं. भरती-ओहोटी तेथें मोकळेपणानें खेळते. तथापि कोळंबसारख्या अरुंद खाडींत पाणी रेंगाळतें, हेंहि विसरून चालणार नाहीं.

हीं मापें घेणें सोपें नाहीं. नमुना घेतांना पितळी तोटीचा किंवा धुळीचा स्पर्श झाला तरी त्यांतून येणारें तांबें समुद्रांतील तांब्याहून अधिक भरतें. म्हणून बाटल्या अम्लानें पुनःपुन्हा धुवाव्या लागतात. पारा स्वतः विषारी असल्यानें त्याच्या जागीं सोन्याच्या बारीक तारेचीं अग्रें वापरण्याकडे अलीकडे शास्त्रज्ञांचा कल आहे. तरीहि ही विद्या आवांक्याबाहेरची राहिलेली नाहीं. एके काळीं मोठ्या प्रयोगशाळेची जागा व्यापणारें यंत्र आतां हातांतील पेटीएवढें झालें आहे. गोव्यांत दोनापावल येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिची स्थापना १९६६ सालची. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या रसायनशाळांना अशा अनुभवी संस्थेचें मार्गदर्शन मिळालें, तर आपल्याच खाडीचा आलेख आपल्याच विद्यार्थ्यांनीं काढणें अशक्य नाहीं. ज्या घरांतून नौका समुद्रांत जातात, त्याच घरांतील मुलांनीं तें वळण कोठें पडतें हें शोधून काढलें, तर रंगाविषयींचा कोणताहि नियम त्या घरांना परका वाटणार नाहीं.

स्वयंपाकघरांत भांड्याची कल्हई उडाली कीं गृहिणी अन्न कळकण्याची वाट पाहत नाहीं. ती भांडें वेळींच कल्हईवाल्याकडे पाठविते. समुद्राचें पाणी कळकूं लागलें तर त्याचा रंग पालटणार नाहीं, चव पालटणार नाहीं; कालवांचीं पिल्लें मात्र खडकावर धरणार नाहींत. ती सूचना डोळ्यांना दिसण्यापूर्वीं विजेच्या आलेखावर वाचतां येते, आणि तेवढ्या अवधींत उपाय करतां येतो. एकंदर तांब्याच्या आंकड्यानें घाबरून जाऊं नये, आणि त्याच आंकड्यानें निर्धास्तहि होऊं नये. तें कोणाच्या संगतींत आहे व त्यांतील मोकळें किती आहे, हें आधीं विचारावें.